आधी खेळाडू, मग लोक

कबड्डीतलं मला काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. तरीही ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या कबड्डी संघाची मी व्यवस्थापक होते. खरी नोकरी कल्याण अधिकाऱ्याची. मोठ्या कारखान्यात असा एक माणूस कायद्यानेच ठेवावा लागतो. तो कामगारांच्या बाजूचा आहे असं मालकाला वाटतं आणि मालकाच्या बाजूचा आहे असं कामगारांना. कँटीनच्या डाळीत पाणी किती, संडासांच्या कड्या लागतात का, पाळणाघराच्या बाईंनी रजा घेतली तर मुलं कोणी बघायची, हे सगळं माझ्याकडे. ज्या कामाला दुसरं खातं सापडत नसे तेही फिरत फिरत माझ्याच टेबलावर येई. कबड्डीचा संघ तसाच आला.

हल्लीच्या वाचकांना कंपनीचा संघ म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. तेव्हा स्पर्धांमध्ये ‘व्यावसायिक गट’ असायचा. बँका, गिरण्या, कारखाने यांचे संघ त्यात खेळायचे. आमचे खेळाडू कागदावर हेल्पर किंवा ऑपरेटर. सकाळी कार्ड पंच करायचे, दुपारपर्यंत रंगाचे डबे भरायचे, मग त्यांना सरावाला सोडलं जायचं. त्यांच्या जागी उरलेली पाळी ओढणारे कामगार कुरकुरायचे, आणि रविवारी तेच कामगार बायकापोरांना घेऊन सामना बघायला यायचे. पेपरात कंपनीचं नाव आलं की मालक खूश. खेळाडूला मात्र एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे कायम होणं. तोपर्यंत तो टेम्पररी. गुडघा गेला की नोकरीही गेली.

एका वर्षी आमच्या जनरल मॅनेजरांच्या डोक्यात समाजसेवा शिरली. आजूबाजूच्या वस्त्यांत आरोग्याचं काहीतरी करा, असा हुकूम निघाला. मी रीतसर शाळेचा हॉल घेतला, डॉक्टर बोलावले, रिक्षावरून भोंगा फिरवला. दिवसभर डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. संध्याकाळी संघाचा कप्तान कांबळे तिकडून चालला होता. त्याने रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही लोकांना बोलावता कशाला, लोक जिथं असतात तिथं जा ना. आम्ही चकाल्याला प्रदर्शनीय सामना खेळतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

कांबळे सातारकडचा, घाटकोपरला भटवाडीत राहणारा. बुटका, रुंद, बोलायला फटकळ. त्याच्याच सांगण्यावरून आम्ही सामना आणि शिबिर एकत्र करायला लागलो. पहिलं रक्तदानाचं. सामना संपला तसे लोक टेबलाकडे न बघता निघाले. तेव्हा कांबळेने आपल्या अख्ख्या संघाला खाटांवर नेऊन झोपवलं. आमचा सगळ्यात दांडगा कोपरारक्षक, ज्याच्या हातात पाय सापडला तर चढाई करणारा देवाचं नाव घ्यायचा, तो सुई बघून जो आडवा झाला तो कांदा हुंगवल्यावरच उठला. लोक पोट धरून हसले, आणि हसता हसता रांगेत उभे राहिले. त्या दिवसापासून संघाचा नियमच झाला, आधी खेळाडू, मग लोक. लशीचं शिबिर असो, डोळ्यांचं असो की क्षयाचं, आमची पोरं मैदानाच्या मध्यभागी, सगळ्यांच्या देखत पहिली. मला त्या नियमाचा अभिमान होता. मॅनेजरांनाही तो आवडला, कारण त्याचे फोटो चांगले यायचे.

साळवी आले ते या नावलौकिकामुळेच. ते कुष्ठरोगाचे तंत्रज्ञ. सायकलवरून वस्ती वस्ती हिंडायचं, घराघरात जाऊन माणसांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, हे त्यांचं काम. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही, आणि त्या जागेला स्पर्श कळत नाही. म्हणून तपासणी सोपी. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाच्या टोकाने अंगावर इथे तिथे स्पर्श करायचा, आणि जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. नवी औषधं आली होती, वेळेत सापडलं तर माणूस साफ बरा होत होता. अडचण होती ती माणूस सापडण्याची. रोगाचं नाव काढलं की दारं बंद व्हायची. साळवींची एकच विनंती होती, तपासायला आडोसा हवा. त्यावर कांबळे म्हणाला, आमची पोरं तशीही उघडीच असतात, आडोसा कशाला? मलाही ते पटलं. साळवी थोडे घुटमळले, पण मैदानावर जमलेली माणसं बघून त्यांनाही मोह पडला असावा.

मरोळच्या मैदानावर संध्याकाळचं चांगलं ऊन होतं. चट्टा बघायला उन्हासारखा प्रकाश नाही, असं साळवी म्हणायचे. बनियन काढून बाराही जण ओळीत डोळे मिटून उभे राहिले. साळवी कापूस लावायचे आणि पोरं बोट ठेवायची. कबड्डी बघणाऱ्या लोकांना स्पर्शाचं फार. चढाई करणाऱ्याचा हात लागला की नाही यावरून सामन्यात मारामाऱ्या व्हायच्या. त्यामुळे इथेही प्रत्येक कापसाला सगळं मैदान ओरडायला लागलं, ‘लागला! लागला!’ पोरं हसत होती, मी हसत होते.

मग दिगू परबची पाळी आली. दिगू आमचा मुख्य चढाईपटू. मालवणकडचा, चकाल्याच्या चाळीत आईबरोबर राहणारा, अजून टेम्पररी. हंगाम संपला की कायम करू, असा शब्द त्याला मिळालेला. त्याचा दम इतका लांब की पंच घड्याळाकडे बघायचे. साळवींनी त्याच्या छातीला कापूस लावला, त्याने बोट ठेवलं. मांडीला लावला, बोट ठेवलं. मग डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला लावला. दिगू तसाच उभा. लोक ओरडले, ‘लागला रे!’ दिगू हसला. चढाई करणारे लागलेला हात नाकारतात तसं तो मुद्दाम करतोय असं लोकांना वाटलं, ते आणखी जोरात ओरडले. साळवींनी पुन्हा लावला. पुन्हा. दिगू डोळे मिटून, मान जरा वर करून, शहाण्या मुलासारखा वाट बघत होता.

“लावा ना,” तो म्हणाला. “थांबलात कित्याक?”

ओरडणं कसं थांबलं ते मला अजून आठवतं. पुढच्या रांगांचं आधी थांबलं, मग मागच्यांचं. सगळ्या मैदानाला कळलं होतं, एकट्या दिगूला सोडून. त्याने डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याच्या शेजारी उभे असलेले दोघे बाजूला सरकले होते. साळवींनी घाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला नेलं. त्यानंतर रांगेत एकही माणूस उभा राहिला नाही.

चूक कोणाची, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आडोसा मागणारे साळवी बरोबर होते, एवढंच त्यातून निघतं. आमच्या नियमाने सुईची भीती मोडली होती. पण सुई टोचून झाल्यावर माणूस होता तोच राहतो, आणि इथे माणूस एका संध्याकाळीत दुसरा कोणीतरी झाला, हा फरक आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नाही.

दुसऱ्या दिवशी साळवींना घेऊन मी दिगूच्या घरी गेले. साळवींनी समजावून सांगितलं. एकच चट्टा आहे, मज्जातंतू शाबूत आहेत, सहा महिने औषध घ्यायचं, आणि याच्यापासून दुसऱ्या कोणालाही काही होणार नाही. दिगूची आई ऐकत होती. आपलं ताट दिगूने स्वतःच वेगळं काढून खिडकीत ठेवलं होतं, ते तिने आमच्यासमोर उचलून बाकीच्या भांड्यांत नेऊन घातलं. त्या बाईबद्दल मला तेव्हा फार आदर वाटला. जाताना मात्र ती माझ्यामागून जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “बाय, आता ह्येका कोण शिवतलो?”

 कबड्डी म्हणजे शिवण्याचाच खेळ. दुसऱ्याला शिवायचं आणि दुसऱ्याने धरायचं, याखेरीज त्यात काय असतं?

कारखान्यात माझ्या खात्यातल्या गोष्टी मी केल्या. कँटीनमध्ये दिगूचा ग्लास कोणीतरी खिळ्याला वेगळा टांगला होता, तो काढून मी त्यातून सगळ्यांसमोर चहा प्यायले. शूरपणा वगैरे नव्हता, साळवींवर विश्वास होता इतकंच. मॅनेजर मात्र बिथरले होते. या हंगामात त्याला विश्रांती द्या, असं त्यांचं म्हणणं. टेम्पररी लोकांना दर काही महिन्यांनी नोकरीत ब्रेक द्यायचे, आणि विश्रांती म्हणजे पुढच्या ब्रेकनंतर पुन्हा न घेणं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी कुष्ठरोग दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी मॅनेजरांना सांगितलं की हा मुलगा खेळायला, काम करायला, संसार करायला अगदी ठीक आहे. मॅनेजरांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, ठीक आहे, खेळू दे, पण मैदानावर तमाशा झाला तर तुम्ही बघा. आमच्याकडे परवानगी अशीच मिळायची.

सरावाला एकेकाचे पाय मुरगळले. एकाला ताप, एकाची बहीण गावाहून आलेली. जे आले त्यांनी दिगूच्या चढाईला नुसते हात हलवले. दोन चढायांनंतर कांबळेने सराव थांबवला. तो फार मोठ्याने बोलला नाही. “न शिवणं काय असतं ते माझ्या आजीला विचारा,” तो म्हणाला. “ते माझ्या संघात चालायचं नाय. ज्याला जमत नसेल त्याने बनियन काढून द्यायचं आणि निघायचं.” मग त्याने दिगूला चढाई करायला लावली आणि स्वतः त्याची कंबर धरून त्याला असा आपटला की मी खुर्चीवरून उठले. थोड्या वेळाने कोपरारक्षकही उठला आणि त्याने दिगूचा पाय धरला. बाकीचे पुढच्या आठवड्यात आले. एकाचा पाय शेवटपर्यंत मुरगळलेलाच राहिला.

औषध सुरू झालं. महिन्यातून एकदा घ्यायच्या मोठ्या गोळ्यांच्या पहिल्या दिवशी दिगू माझ्या खोलीबाहेर दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा त्याने कांबळेला पाठवलं. कांबळेही खिडकीबाहेर बघत बोलला, की मॅडम, दिगूला लाल होतंय. मला काही कळेना. आमच्याकडे लाल रंगाचा विभाग होता, मला वाटलं कपड्यांना रंग लागला. शेवटी कांबळे वैतागून म्हणाला, “अहो, लघवीला!” साळवींना विचारलं तर ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, त्या गोळीने होतंच, सांगायचं राहिलं. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो.

साळवींचं मात्र वाईट चाललं होतं. मरोळमध्ये त्यांची सायकल दिसली की पोरं आत पळून निरोप द्यायची, बाबा घरी नाहीत. मैदानावर काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं, आता कोण कशाला दंड दाखवतोय? ‘तुमच्या मैदानाने मला माणसं दाखवली आणि मैदानानेच ती लपवली,’ असं ते एकदा म्हणाले. रागावून नाही, थकून. मी त्यांना म्हटलं, मुलुंडला अंतिम सामना आहे, तिथे या, या वेळी पडदा माझा. कँटीनच्या भटारखान्याचे जाड पडदे मी धुऊन घेतले आणि मैदानाच्या कोपऱ्यात बांबूंवर चारी बाजूंनी लावले. दिवसभर आत फक्त साळवी बसून होते.

मरोळची बातमी मुलुंडला आमच्या आधी पोचली होती. समोरचा संघ एका इंजिनिअरिंग कारखान्याचा. दिगू पहिल्या चढाईला गेला तसे त्यांचे सातही जण मागे सरले. मागे, आणखी मागे, आणि एकाचा पाय शेवटच्या रेषेबाहेर पडला. रेषेबाहेर गेलेला बाद, म्हणजे गुण आम्हाला. आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. दुसऱ्या चढाईला दोघे बाहेर गेले. दिगूने कोणाला हात लावला नव्हता, त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि आम्ही जिंकत होतो. आमचे काही लोक खूश होऊन ओरडत होते, की पाठवा, त्यालाच पाठवा. दिगू परत येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. मी कांबळेला खूण केली, त्याला बसव. कांबळेने नाही म्हणून मान हलवली. तो दिगूकडे बघत होता.

तिसऱ्या चढाईला दिगू सरळ त्यांच्या अंगणाच्या मध्यभागी गेला. समोरचे मागे रेषेला चिकटून, जास्त मागे जाता येत नाही म्हणून अंग चोरून उभे. दिगूचं ‘कबड्डी कबड्डी’ चालू होतं, पाय मात्र थांबले होते. मग तेही थांबलं. चढाईत बोल थांबला की चढाई करणारा बाद, हे मलासुद्धा माहीत होतं. ज्याचा दम कधी कोणी तुटलेला ऐकला नव्हता त्या दिगूने तो आपणहून सोडला.

“धरा ना रे,” तो म्हणाला. “खेळूक इलंय मी.”

पंचांची शिट्टी झाली. दिगू बाद होऊन बाहेर येऊन बसला. त्यांच्या संघात भोईर नावाचा डावा कोपरारक्षक होता, वयाने सगळ्यांत मोठा, टक्कल पडलेला. तो बराच वेळ दिगू बसला होता तिकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या पोरांना जवळ बोलावलं. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने कांबळेने त्यांचा एक गडी बाद केला, आणि त्याच्या बदल्यात आमचा बाद झालेला दिगू परत आत आला. लगेच त्याची चढाई. या वेळी कोणी मागे सरलं नाही. दिगूने उजवीकडे हूल दिली, डावीकडे वळला, आणि भोईरने जमिनीवर सूर मारून त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला. दिगूने त्याला दोन पावलं ओढत नेलं. तेवढ्यात दुसऱ्याने कंबर धरली, तिसऱ्याने मांडी, आणि उरलेलेही त्याच्यावर येऊन पडले. ढिगाऱ्यातून दिगूचा एक हात मधल्या रेषेकडे येत होता, तो वीतभर कमी पडला. शिट्टी झाली. माणसं एकेक करून उठली. शेवटी दिगू उठला, तोंडात माती, कोपर सोललेला, आणि हसत होता. त्याला तसं हसताना मी मरोळच्या त्या संध्याकाळनंतर बघितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि संघाची व्यवस्थापक रडते हे कोणाला दिसू नये म्हणून मी पाण्याच्या पिंपाकडे गेले.

पुढे आम्ही तो सामना हरलो. सोमवारी मॅनेजरांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हटलं, त्यांच्या पकडी चांगल्या होत्या. दिगू हंगामानंतर कायम झाला, औषध पूर्ण केलं, आणि त्याच्या लग्नात भोईर वऱ्हाडात होता. पण हे नंतरचं.

त्या दिवशी बक्षीस समारंभ चालू असताना भोईर आपल्या सगळ्या संघाला घेऊन पडद्याकडे आला. साळवींना म्हणाला, आम्हा सगळ्यांना बघा, पण कोणाचं काय निघालं ते बाहेर बोलायचं नाही. साळवींनी एकेकाला आत घेतलं आणि प्रत्येकाला सारखाच वेळ आत ठेवलं. त्यांच्यातल्या एकाला पुढे औषध सुरू झालं एवढं मला कळलं. कोणाला, ते साळवींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ते बाहेर आल्यावर बघ्यांतले काही जण पडद्याभोवती घोटाळायला लागले. दिगू बाहेर मातीत बसून एकेकालाच आत सोडत होता. एक वयस्क बाई बराच वेळ लांब उभी होती, उजवा हात पदराखाली. शेवटी जवळ आली आणि दिगूला विचारलं, फार दुखतं का रे ते?

“दुखणा नाय, मावशे,” दिगू म्हणाला. “दुखला असता तर माझा माकाच नसता कळला?”

बाईने पदराखालून हात बाहेर काढला, एकदा त्या हाताकडे बघितलं आणि पडदा सारून आत गेली.